ओल्या रंगाच्या मागावर

भिंगरीने बॅग पायरीवर टेकवली, मोबाइलवरचा पत्ता पुन्हा वाचला आणि दार ढकललं. आत एक गृहस्थ तोंडाला साबणाचा फेस फासून खुर्चीत आडवे झाले होते.

"बसा, नंबर लागेल," न्हावी म्हणाला.

"मला केस नाही कापायचे. इथं पाट्यांची कंपनी होती ना? रस्त्यांवरच्या पाट्या बनवणारी?"

"होती की! काल हलली. घाईत खुर्च्यासुद्धा विसरली." त्याने गिऱ्हाईक बसलेली खुर्ची गर्रकन फिरवून दाखवली. गिऱ्हाइकानेही तक्रार न करता एक फेरी मारून घेतली.

त्या शहराची तऱ्हाच तशी होती. सकाळी रिकामं मैदान ओलांडून कामाला गेलेला माणूस संध्याकाळी त्याच मैदानाच्या सातव्या मजल्यावर उभा राहून खाली उतरायचा जिना विचारी. रोज नवे रस्ते, रोज नव्या पाट्या. कंपनी इतकी वाढत होती की जुनी जागा तिला आठवडाभरही पुरत नसे, आणि स्वतःच्या दारावर पाटी लावायला सवड म्हणून नव्हती.

भिंगरीला हसू येत होतं, पण हसत बसायला वेळ नव्हता. अर्ज तिने ढीगभर केले होते. बहुतेकांनी नकार कळवायचेही कष्ट घेतले नव्हते. फक्त या कंपनीने इंटर्नशिप देऊ केली, तीही अट घालून: आज ऑफिस बंद व्हायच्या आत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. इंटर्नशिप नाही तर पदवी नाही. आणि कंपनीचा फोन सकाळपासून एंगेज.

तिचा स्वतःचा फोन मात्र वाजला.

"पोचलीस का गं ऑफिसात?" मावशीने विचारलं.

"पोचतेय, मावशी. ऑफिस जरा पुढं गेलंय."

"पुढं म्हणजे?"

"माझ्या पुढं."

"हे बघ, तू परदेशात साहेबीण झालीस असं मी अख्ख्या गल्लीला सांगून बसलेय. नाक कापू नकोस माझं."

"न्हाव्याच्याच दुकानात उभी आहे. पण नाकाला हात लावू देणार नाही!"

न्हाव्याने सांगितलेल्या इमारतीत बालवाडी भरली होती. वॉचमन पोरांचे बूट जोड्या लावून ठेवत होता.

"पाटीवाले? दुपारी गेले. कुठे ते विचारू नका, त्यांनाही माहीत नव्हतं."

भिंगरी हताश होऊन कोपऱ्यावरच्या पाटीला टेकली. हात काढला तर तळवा निळाशार.

"रंग ओला आहे हो ताई," वॉचमन म्हणाला.

"हे आधी नाही सांगायचं?"

"मग मजा काय राहिली?"

भिंगरीने तळव्याकडे पाहिलं. मग समोरच्या रस्त्यावरच्या पाटीला बोट लावलं. कोरडी. डावीकडच्या गल्लीतली? चिकट. तिच्या पुढची? त्याहून चिकट. कंपनी जाता जाता पाट्या रंगवत गेली होती! भिंगरी बॅग खडखडवत सुटली. कोरडा रंग लागला की मागे फिरायचं, बोट चिकटलं की पुढे. पूल झाला, बाजार झाला, कालपर्यंत नसलेला एक चौक झाला. शेवटच्या पाटीवरून रंगाचे थेंब अजून टपकत होते, आणि शिडीवर एक पेंटर बाण रंगवत होता.

"काका, बाण चुकला!" ती धापा टाकत म्हणाली. "पूल उजवीकडे नाही, डावीकडे. उजवीकडे बाजार झालाय. मी दोन्हीकडे हिंडून आले."

"ही कोण दीडशहाणी?" मागे नव्या ऑफिससमोरच्या ट्रकमधून खोकी मोजत एक बाई उतरल्या. त्या मॅनेजर होत्या.

"तुमची इंटर्न."

"उशीर झाला गं. वाट बघून जागा दिली राखीव यादीतल्या पोराला."

भिंगरीने बॅगेची मूठ घट्ट धरली. तेवढ्यात बाईंचा फोन किणकिणला.

"आलाच त्या पोराचा परत!" त्या वैतागल्या. "सकाळपासून ऑफिसचा पत्ता विचारतोय. दुसऱ्या कुणाचा फोन लागू देईल तर शपथ." मग त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. "तू कशी गं आलीस?"

भिंगरीने दोन्ही तळवे पुढे केले. बाईंनी आधी ते पाहिले, मग ठिबकणारी पाटी पाहिली, आणि त्या अशा काही हसल्या की शिडीवरच्या पेंटरने घाबरून खांब धरला.

"ब्रश घे. बाण फिरव," त्या डोळे पुसत म्हणाल्या आणि फोनमध्ये ओरडल्या, "अरे, आहेस तिथंच थांब! आमची इंटर्न येतेय तुला घ्यायला."

"बॅग ऑफिसात ठेवू?" भिंगरीने विचारलं.

"ट्रकमध्ये टाक. ही जागा दुपारी ठीक होती, आता अपुरी पडतेय."

बाण फिरवून ती ड्रायव्हरच्या शेजारी चढली. त्याने चावी फिरवली, समोरच्या रस्त्याकडे बघितलं आणि डोकं खाजवलं.

"ताई, मी नवीन आहे. तुम्ही इथल्याच ना?"

"हो," भिंगरी म्हणाली. "सकाळपासून. घ्या डावीकडे."