मी, श्वासाच्या खुणांची वही

“हिला नुसतं मधे उभं करायचं. तोंड हलवलं तरी पुरे. आवाज तिचा येईलच.”

रविवारची उपासना संपून चर्चच्या स्वयंपाकघरात शेवयांचं पातेलं उकळत होतं, तेव्हाचं हे बोलणं. बोलणारी मालसून. ऐकणाऱ्या तिच्या दोघी जुन्या मैत्रिणी, चुनजा आणि बोकही. आणि जिच्या कानावर ते पडायचं नव्हतं ती दानबी, मालसूनची लग्नाला तीन महिने झालेली सून, दाराबाहेर सगळ्यांच्या चपला ओळीनं लावून नुकतीच उठली होती. मला तिनं छातीशी धरलं होतं. ‘हिला’ म्हणजे आपल्याला, हे तिला कळलं. ‘तिचा’ म्हणजे कुणाचा हेही कळलं असावं, कारण तिनं मला आणखी घट्ट धरलं.

ती लगेच आत गेली नाही. थोडं थांबली, दोन पावलं मागं आली आणि मग मुद्दाम पाय वाजवत गेली. नव्या सुनांना हे कुणी शिकवावं लागत नाही.

मी गाण्यांची वही. माझ्या पानांवर पाच-पाच रेघा आहेत, त्यांवर चार आवाजांचे सूर आहेत, आणि सुरांच्या डोक्यावर पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत, उडत्या पाखराच्या चोचीएवढ्या. त्या श्वासाच्या. मी बोलतेय ते त्यातल्या एका खुणेसाठी.

मला कोरियातल्या आमच्या जेजू बेटावरच्या शहरातून, कागदाच्या दुकानातून आणलं ओक्जूनं. ओक्जू म्हणजे मालसूनची लेक, दानबीच्या नवऱ्याची थोरली बहीण. आईच्या फाटक्या रबरी पोशाखाचा तुकडा कापून तिनं मला कव्हर शिवलं. पाणी लागू नये म्हणून. त्यामुळं माझ्या अंगाला पहिल्यापासून समुद्राचा वास आहे. पुढं पुढं तो वाढला, त्याचं कारण मात्र कव्हर नव्हे.

मालसून, चुनजा, बोकही आणि ओक्जू, या चौघी चर्चमध्ये गायच्या आणि चौघी एकाच पाण्यात बुड्या मारायच्या. पाठीवर हवेची टाकी नाही, काही नाही. छातीत मावेल तेवढा दम घ्यायचा, तळाशी जायचं, खडकाला चिकटलेले शिंपले हुकानं काढायचे आणि दम संपायच्या आत वर यायचं. वर आल्या की कोंडलेला श्वास शीळ होऊन सुटतो. प्रत्येकीची शीळ वेगळी. ओक्जूची दोन सुरांची होती, आधी खाली, मग वर. मालसून किनाऱ्यावर पाठमोरी बसली असली तरी म्हणायची, “आली माझी.”

गाणी निवडायची ओक्जूची रीत या पाण्यातूनच आली होती. गाणं कितीही गोड असो, ती आधी तिघींना बाकावर बसवायची, दम धरायला लावायची आणि बोटं मोजायची.

“अगं, शिंपल्यापुढं मी दोन मिनिटं काढते,” चुनजा फुसकन श्वास सोडून म्हणायची, “देवापुढं बसले की वीस आकड्यांतच हुश्श! पाप बाहेर पडत असेल गं!”

“तुझं पाप तेवढ्यात कसं संपेल, मावशी?” ओक्जू म्हणायची आणि माझ्यावर आकडा लिहायची.

मालसूनला मोठमोठी गाणी आवडायची, शहरातल्या चर्चमध्ये साठ जणं गातात तसली. “गाणं आवडलं म्हणून घेऊ नये, आई,” ओक्जू तिला सांगायची. “दम पुरतो का ते बघून घ्यावं.” मग ती गाणं कापायची, खाली उतरवायची आणि चौघींत वाटायची. नियम एकच: गाणं तुटता कामा नये. एकीनं श्वास घेतला की बाकीच्यांनी सूर धरायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, या बायकांना श्वास लागतच नाही.

प्रत्येक गाण्यात एक जागा अशी असायची की तिथं तिघी एकदम श्वास घ्यायच्या आणि दुसऱ्या आवाजाची ओक्जू एकटी सूर धरून राहायची. तिचा दम सगळ्यांत लांब. त्या जागेवर ती बारीक गोल काढायची. या उपकाराची फेड शेवटच्या ओळीनंतर व्हायची. तिथं मालसूनचा खालचा आवाज उरायचा आणि ओक्जू श्वास घ्यायची. आई धरायची, लेक वर यायची.

माझ्या शेवटच्या पानावर ‘उंबऱ्यावरचा दिवा’ आहे. चाल ओक्जूची, शब्दही तिचेच. त्याची शेवटची ओळ, ‘दिवा दिसला, मी येते.’ त्यापुढं तिनं स्वतःच्या श्वासाची खूण केली होती.

एका सकाळी न्याहारीला, मुळा भरलेल्या घावनाचा तुकडा तोंडात असताना, मालसूननं मला पुढं ओढलं आणि शाईच्या पेनानं त्या खुणेवरच लिहिलं: ‘आणखी एकदा’. शेवटची ओळ तिला फार आवडायची.

“आई, तिथं माझा श्वास आहे.”

“एवढा दांडगा दम दिलाय देवानं, आणि कवडीचुंबकासारखी जपतेस काय? होऊ दे आणखी एकदा.”

दोघी हसल्या. ओक्जूनं ते खोडलं नाही. संध्याकाळी बघू म्हणाली, मला मिटलं आणि दोघी पाण्यावर गेल्या.

पाण्यावर काय झालं ते मी पाहिलं नाही. पण मालसून पुढं माझ्याशी एकटीच बोलत बसायची, त्यातून मला कळलं. ओक्जू जाळी भरून वर आली होती, दमली होती. मालसूननं खडकाच्या कपारीत मोठा शिंपला पाहून ठेवला होता. ती म्हणाली, “आणखी एकदा जा.” ओक्जू म्हणाली, “येते.” आणि गेली. जाळी अडकवायचा तिचा तरंगता गोळा पाण्यावर डुलत राहिला. शीळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला बाहेर काढलं, पुरलं. गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, देह आला, जीव तळाशी राहिला. देवऋषीण आणा, तांदळाची वाटी पाण्यात सोडून त्याला हाक मारा. मालसून चर्चची जुनी सेविका. तिनं दारातूनच त्यांना परत लावून दिलं. “माझी लेक देवाघरी आहे. तिला हाका मारायला ती काय वाट चुकलीय?”

मग सहा आठवड्यांनी तिघी पुन्हा गायला उभ्या राहिल्या. मधली जागा त्यांनी सवयीनं रिकामी ठेवली. ‘उंबऱ्यावरचा दिवा’ घेतलं. मी समोर उघडी होते. गोलाची जागा आली. तिघींनी एकदम श्वास घेतला.

सूर तुटला नाही.

तिघींची तोंडं मिटलेली होती आणि दुसरा आवाज चालू होता, पातळ, स्थिर, जसा कायम असायचा. बोकहीच्या हातातून चहाचा पेला पडला. चुनजानं त्या दिवशी एकही विनोद केला नाही. मालसून तेवढी हसत होती, आणि मला भीती वाटली ती त्या हसण्याची. शेवटची ओळ संपली तशी ती म्हणाली, “आणखी एकदा.” पुन्हा संपली. “आणखी एकदा.”

तीन वर्षं हेच चाललं. पाळकांना वाटायचं, तिघी मिळून चौघींसारखं गातात. बाकीची गाणी सुटली. मला कुणी उघडायचं कारण उरलं नाही. मी पेटीवर पडून असायचे, धूळ खात. फक्त दर रविवारी त्या गाण्यानंतर माझं शेवटचं पान ओलं व्हायचं. वर पाणी सांडलेलं नसायचं, कुणाचा हात लागलेला नसायचा. ओल आतून यायची, दुसऱ्या आवाजाच्या ओळीवर, बरोबर त्या शाईच्या शब्दांखाली. वाळली की मिठाचा पांढरा काठ उरायचा.

मग दानबी आली. मुलूख दूरचा, आवाज हळू, आणि रेघांवरचे सूर वाचता येणारी. सासरी तिला ‘मुकी मैना’ म्हणत. ओक्जूच्या तिसऱ्या स्मरणदिनाची गाणी तिनं निवडावी आणि बसवावी असं मालसूननं ठरवलं आणि मला तिच्या हातात दिलं. माणसं जुनी वही उघडली की आधी आपलं नाव कुठं आहे का ते बघतात. दानबीनं पानांना आधी नाक लावलं.

स्वयंपाकघरातल्या बोलण्यानंतर, त्याच दुपारी, तिला मधे उभं केलं.

“मधे नीट उभी राहा, सूनबाई,” चुनजा म्हणाली, “लग्नाच्या फोटोत उभी होतीस तशी. तिथंही तू कुठं काय बोलली होतीस?”

गाणं सुरू झालं. दानबी गायला लागली. गोलाच्या जागेवर तिनं, मला वाटतं पारखायला म्हणूनच, तोंड मिटलं. सूर तिच्या शेजारून चालत राहिला, इतक्या जवळून की तिच्या कानामागचे केस हलले. मग शेवटची ओळ आली, ‘मी येते’, आणि मालसून म्हणाली, “आणखी एकदा.” दानबीनं श्वास घ्यायला तोंड उघडलं. श्वास आत गेला नाही. छाती वर आली नाही. सूर मात्र तिच्या गळ्यातून पुढं चालला.

“आणखी एकदा.”

पुन्हा. तिची बोटं माझ्या कडेला रुतली. नखं निळी होत होती, ती मी अगदी जवळून पाहिली.

“मालसून, पुरे!” बोकही ओरडली. “पोरगी निळी पडली!”

“गप गं. ऐक. आहे ती, अजून आहे. थांबलो तर जाईल.”

बोकहीनं दानबीला ओढून बाकावर आदळलं, तेव्हा कुठं हवा तिच्या छातीत शिरली. ती बराच वेळ खोकत होती.  शेवटी मालसून तिच्यासाठी कोमट पाणी घेऊन आली, स्वतःच्या हातांनी पाजलं, तोंड पुसलं. आणि हळूच विचारलं, “कशी वाटली गं ती? बरी आहे ना?”

दानबीनं पाणी प्यायलं. मला मिटून काखेत धरलं.

घरी तिनं मला खिडकीच्या काचेवर धरलं. उजेड पानातून आरपार आला आणि पसरलेल्या शाईखाली तिला ती दिसली, पेन्सिलीची चोचीएवढी खूण. तिनं त्यावर बोट ठेवलं. ओल होती. बोट तिनं जिभेला लावलं. मग आधीची सगळी पानं, सगळी गाणी, खुणा न् खुणा मोजत ती बसून राहिली, आणि कोण कुणासाठी सूर धरतं हे तिला कळलं. सगळ्यांना श्वास होता. तीन वर्षं फक्त एकीला नव्हता. मालसूनला वाटत होतं, लेक सोडून जात नाही. जायला तिला कुणी जागाच ठेवली नव्हती.

आणि आता ती जागा शोधायला तिला दानबीची छाती दिली होती. स्मरणदिनाला तिथंच उभं राहायचं होतं, तेच गाणं गायचं होतं. नाही म्हणण्याइतकी जुनी सून ती अजून झाली नव्हती.

आज तो दिवस आहे. सकाळी दानबीनं पातं घेऊन मला खरवडलं. दुखलं, खोटं कशाला बोलू. शाई निघाली, कागद इतका पातळ झाला की तिथून उजेड दिसतो. मग तिनं पेन्सिल घेतली आणि त्या जागी श्वासाची खूण केली, एकीच्या नाही, चारही ओळींवर, एकाखाली एक. ओक्जूनं जन्मात असं केलं नसतं. तिथं गाणं तुटणार.

तुमच्या घरीही कुणाच्या हातची वही असेल. त्यावर काही लिहावंसं वाटलं तर पेन्सिलीनं लिहा, आणि खालची बारीकशी खूण कशाची आहे ते आधी विचारा. ज्याला विचारायचं तो अजून जेवणाच्या पाटावर आहे तोवरच. माझं मागणं एवढंच.

आता गाणं चालू आहे. मी पेटीवर उघडी आहे, वाऱ्यानं पान उलटू नये म्हणून वर काळा दगड ठेवलाय. बाक भरलेत. गोलाची जागा येऊन गेली, सूर टिकला. शेवटची ओळ झाली. चुनजा थांबली, बोकही थांबली, दानबीनं तोंड मिटलं. दुसरा आवाज थांबलेला नाही. माझं पान थेंब सुटेल इतकं भिजलंय. मालसूननं “आणखी...” म्हणायला मान वर केली, आणि तिच्या सुनेनं हात आडवा धरला. पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली ती, आधी तिघींकडे बघून, मग खाली, मधल्या जागेकडे, जिथं ती स्वतः उभी होती:

“नाही, आई. इथं श्वास आहे. तुमचा, मावश्यांचा, माझा, सगळ्यांचा. गाणं तुटलं तर तुटू द्या. वन्सं, तुम्हीसुद्धा घ्या. झालं आता. या वर.”