सहा आठवड्यांसाठी दिलेली उशी

मी एक उशी आहे. परंतु माझ्यावर आजवर कोणी डोके ठेवलेले नाही. माझी जागा दोन गुडघ्यांच्या मध्ये. आकाराने त्रिकोणी, आतून कठीण फोम, वरून तपकिरी रेक्झिन आणि पाय बांधण्यासाठी दोन्ही बाजूंना पट्टे. २००१ सालच्या एप्रिलमध्ये मंगळवार पेठेतल्या एका गादीवाल्याने मला शिवले. स्वभावाने मी मत्सरी आहे, हे आधीच सांगितलेले बरे. म्हणजे माझे बोलणे वाचक जरा पारखून घेतील.

माझी पहिली धनीण उचगावची शालूबाई. वय चव्वेचाळीस. तिच्या उजव्या खुब्याचा सांधा सहा वर्षे झिजत गेला होता. डॉक्टरांनी तो काढून तेथे धातूचा सांधा बसवला, आणि ती शुद्धीवर येण्यापूर्वीच मला तिच्या पायांमध्ये बांधले. झोपेत एक पाय दुसऱ्यावर पडला, आत वळला, तर नवा सांधा निखळण्याची भीती असते. ती भीती थोपवणे हे माझे काम.

त्या धातूच्या गोळ्याचा मला पहिल्या दिवसापासून हेवा वाटला. तो तिच्या हाडात बसला होता. मी बाहेरून बांधलेली. डॉक्टरांनी त्याला पंधरा वर्षांचे आयुष्य सांगितले होते. मला सांगितले होते सहा आठवडे.

घरी सोडताना डॉक्टरांनी सूचना दिल्या : मांडी घालायची नाही, उकिडवे बसायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही. घरच्यांनीही पुष्कळ विचारले. वांगे चालेल का, ताक चालेल का, वटसावित्रीला वडाला फेऱ्या मारल्या तर चालतील का. माणसांची ही सवय मी तेव्हापासून पाहत आले आहे : जे विचारायचे असते त्याच्या सभोवतीचे सगळे ती विचारतात.

शालूबाईचा नवरा कृष्णात एका कारखान्यात टर्नर होता. तीस वर्षे लेथवर उभा राहिलेला माणूस. त्याने सर्वांत शेवटी एकच गोष्ट विचारली, “डॉक्टर, पंधराची वीस वर्सं करायची म्हटली तर?”

“जपून वापरायचा,” डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या रुग्णाकडे वळले.

कृष्णातने ते वाक्य घरी नेले. सहा आठवड्यांच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, “आता उशी नसली तरी चालेल.” त्यावर तो म्हणाला, “असू द्या की. जादा जपलेलं काय वाईट?” मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. त्या माणसाचे मी आभार मानले ते तेवढेच.

कारण एरवी मला तो सहन होत नसे. तो तिच्या केसांना तेल लावून देई. पायरीवर तिचा हात धरी. ती त्याला “अवो” म्हणून हाक मारी, आणि त्या एका शब्दात जे असे ते माझ्या वाट्याला कधी आले नाही. मला ती “ते” म्हणे. “ते द्या हिकडं.” तरीही रोज झोपताना तो स्वतःच्या हातांनी मला तिच्या गुडघ्यांमध्ये ठेवी, पट्टे आवळी आणि आपले अंथरूण पलीकडच्या भिंतीशी घाली. तेव्हा मी जिंकलेली असे.

असे एकोणीस महिने गेले. या काळात ती चालू लागली, बसमध्ये चढू लागली. सगळे म्हणत, ऑपरेशन यशस्वी झाले.

एक दुपार मला विसरता येत नाही. लेक सासरी, घरात दुसरे कोणी नाही. शालूबाईने न्हाऊन, ठेवणीतले पातळ नेसून मला कॉटखाली ढकलले. ती आडवी झाली आणि वाट पाहू लागली. कृष्णात पहिल्या पाळीहून आला. दारातच थांबला. बराच वेळ तो तिच्याकडे पाहत होता; ते पाहणे मला आवडले नाही. मग तो वाकला, मला बाहेर काढले, धूळ झटकली आणि जागेवर ठेवले.

“सांभाळ की, शालू. निसटंल बिसटंल.”

तिने भिंतीकडे तोंड केले. तरीही मला आनंदच झाला, हे मी नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी हातकणंगल्याहून तिची थोरली बहीण आली. तिला सगळे आक्काच म्हणत.

“आक्का, ह्यांला माझी किळस आलीया,” शालूबाई म्हणाली. “वीतभर वण हाय मांडीवर. त्यो बघून माणूस लांब पळतंय.”

“अगं, पंचेचाळिशी आली. पोरीचं लगीन झालं. आता काय करायचंय तुला?”

“लगीन पोरीचं झालं, म्हणून माझं संपलं व्हय? सहा वर्सं दुखण्यानं जवळ येऊ दिलं न्हाय. पाय बाजूला घेतला की जीव जायचा. म्हटलं, ऑपरेशन झालं की… डॉक्टरला म्हटलं जिना चढायचाय. जिना घालायचाय चुलीत!”

आक्का हसता हसता खोकू लागली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, “ही सवत आधी फेक भाईर.”

शालूबाईने मला फेकले नाही. “त्येंच्या हातानं ठेवत्यात. फेकायची तर त्येंनीच फेकावी,” ती म्हणाली.

मग माझे रेक्झिन एका कोपऱ्यात उसवले. नवी उशी घ्यावी का, हे विचारायला कृष्णात डिसेंबरात मला काखेत घेऊन तिच्यासह रुग्णालयात गेला. तेथे संघप्रिया नावाच्या नव्या फिजिओथेरपिस्ट होत्या. तारीख पाहून त्या चकित झाल्या.

“एकोणीस महिने? काका, ही सहा आठवड्यांसाठी होती.”

त्यांनी छापील कागद पुढे ओढला आणि एकेक प्रश्न विचारू लागल्या. चालणे? जिना? संडासला बसणे? मग आवाज न बदलता, “आणि पती-पत्नी म्हणून जवळ येणं? त्यात काही अडचण?”

कृष्णातने छताच्या पंख्याकडे पाहिले. शालूबाईने मात्र टेबलावर हात आपटला.

“बाई, पयल्यांदा कुणीतरी इचारलं बघा! अडचन हीच, की ह्यांला मी नको झालीया.”

“आरं तिच्या!” कृष्णात खुर्चीवरून उठलाच. “कोण म्हटलं?”

“म्हणायला कशाला लागतंय? रोज बांधतासा की मला.”

तो पुन्हा बसला. बोलला तेव्हा लेथसमोर बोलल्यासारखा, खाली मान घालून. “बेअरिंग जेवढी फिरती, तेवढी झिजती. पंधरा वर्सं म्हटल्यात. म्हणजे साठीला परत चिरफाड. म्हटलं, माझ्यापायी तिचं एक वर्स बी कमी व्हायला नको. आवरलं स्वतःला. सोपं हाय व्हय?”

शालूबाई त्याच्याकडे जसे पाहत होती, तसे माझ्याकडे कोणी कधीही पाहिलेले नाही.

“काका,” संघप्रिया म्हणाल्या, “मावशी दिवसाला हजारो पावलं टाकतात. त्या मानानं हे काहीच नाही. का त्यांचं चालणंही बंद करणार?”

त्यांनी कागदावर पेनने दोन साध्या आकृत्या काढल्या. उताणे कसे, कुशीवर कसे. पाय आत वळवायचा नाही, गुडघा कमरेपेक्षा वर घ्यायचा नाही, दुखले तर थांबायचे. “हे खरं तर ऑपरेशनच्या आधीच सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“आणि ह्या उशीचं?” कृष्णातने विचारले.

“कुणाला लागली तर द्या.”

बाहेर आल्यावर शालूबाईने तो कागद चौघडी करून ब्लाउजमध्ये ठेवला. “आता इसरलासा तर मी लेथवर येऊन सांगीन.” कृष्णात लाजला. पन्नाशीच्या माणसाला लाजताना मी प्रथमच पाहिले, आणि मला त्या लाजण्याचाही हेवा वाटला.

त्यानंतर त्यांच्या खोलीत मी नव्हते. मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवले होते. भिंतीपलीकडचे हसणे ऐकू येई. अधिक सांगणे मला उचित वाटत नाही, आणि खरे तर सोसतही नाही.

मार्चमध्ये आक्काच्या शेजारणीचे, यल्लव्वाचे, हेच ऑपरेशन झाले. शालूबाईने मला नवे रेक्झिन घालून स्वतः तिच्या घरी पोहोचवले आणि तिच्या नवऱ्याला, यल्लाप्पाला, दारातच सांगितले, “पावणं, सहा आठवडं. पुढचं डॉक्टरला इचारायचं. लाजलासा तर मी इचारीन, आणि मोठ्यानं इचारीन.”

आता मी यल्लव्वाच्या गुडघ्यांमध्ये आहे. यल्लाप्पा कॅलेंडरवर रोज एक खूण करतो. पस्तीस झाल्या. त्या मोजण्याचा मला राग येतो.

डॉक्टरांना माझी एकच विनंती आहे. मला कोणाच्या हाती देताना मी केव्हा निघून जायचे, आणि माझ्या जागी कोणी येण्यास हरकत नाही, हे दोन्ही स्पष्ट सांगत जा. एवढेच मोठे मन मला परवडते. बेचाळिसावी खूण होईपर्यंत मात्र ही जागा माझी आहे.