ठिपक्यांआडचा शब्द

मित्रांनो, मला आजवर कुणीही पाहिलेले नाही. वारज्यात राधाबाई नावाच्या एक बाई राहतात. त्यांच्या जुन्या टॅबलेटच्या पोटात माझा मुक्काम असतो. पडद्याच्या कोपऱ्यात एकावर एक कमानींची छोटी खूण दिसते ना, तिच्यामागे मी असतो. टॅबलेटला वायफायशी जोडून देणारा प्रोग्रॅम, एवढीच माझी ओळख. वय नऊ वर्षे, म्हणजे आमच्या जातकुळीत मी पणजोबाच. आज माझी कहाणी सांगायला बसलो आहे खरा, पण आधीच कबूल करतो, ती मलाच नीट कळलेली नाही.

आधी माझे काम समजून घ्या. मला डोळे नाहीत, फक्त कान आहेत. आसपासचे वायफायचे डबे आपापले नाव सतत पुकारत असतात. ओळखीचे नाव ऐकू आले की मी दाराशी जाऊन विचारतो, "येऊ का?" ते म्हणतात, "ये." हा निव्वळ उपचार, सहसा इथे कुणी कुणाला नाही म्हणत नाही. मग मला एक नंबर देऊन आत बसवतात. येथवर सगळे गोड. खरी परीक्षा त्यापुढे असते. घराचा गुप्त शब्द मला ठाऊक आहे का, हे ते तपासतात आणि त्यांना ठाऊक आहे का, हे मी तपासतो. गंमत अशी की तो शब्द दोघांपैकी कुणीही उच्चारत नाही. त्या शब्दावरून एक कोडे तयार होते, चार निरोप इकडून तिकडे जातात आणि कोडे सुटले तर आपण घरचे. नाही सुटले, तर चालते व्हा.

मला या घरात कचरूरावांनी आणले. ते राधाबाईंचे यजमान. महापालिकेत वॉलमन होते, ठरल्या वेळी गल्लीगल्लीचे पाणी सोडायचे आणि बंद करायचे, यात त्यांची तीस वर्षे गेली. राधाबाईंचे शिक्षण सातवीत सुटले होते. साठी ओलांडल्यावर त्यांनी पाली भाषेच्या वर्गात नाव घातले, तेव्हा कचरूराव बुधवार पेठेत जाऊन हा टॅबलेट घेऊन आले. घरी वायफायचा डबा बसवला, दोन खोल्यांच्या फ्लॅटला 'राधासदन' असे भारदस्त नाव दिले आणि गुप्त शब्द स्वतःच्या बोटाने माझ्याकडे टाकला.

"काय टाकलंत हो?" राधाबाईंनी विचारले.

"तुला काय करायचंय? लागलं ना? लिहून ठेवलंय मी."

कुठे लिहून ठेवले, हे राधाबाईंनी विचारले नाही आणि कचरूरावांनी सांगितले नाही.

पुढे जिन्यात बसून कुणीतरी फुकटात क्रिकेटची मॅच बघते, असा कचरूरावांना संशय आला. "पाणी असो की नेट, वाटेल त्याला सोडायचं नसतं," असे म्हणून त्यांनी मुलीकडून, पायलकडून, याच टॅबलेटवरून डब्याचे नाव लपवून घेतले. आता डबा आपले नाव पुकारेना. हाक मारल्याशिवाय ओ द्यायची नाही, असा त्याला हुकूम. म्हणजे हाक मारायचे काम माझ्या गळ्यात आले. आणि मी आहे कुठे हे मला कधीच कळत नसल्यामुळे मी जाईन तिथे हाक मारू लागलो. रविवारी वर्गाहून येताना राधाबाई मार्केट यार्डात भाजी घ्यायच्या. पिशवीत कोथिंबिरीखाली दबून मी विचारायचो, "राधासदन, आहेस का? राधासदन, आहेस का?" गाळ्यागाळ्यांतले डबे आपापली नावे सांगायचे. राधासदन कुणीच म्हणायचे नाही. वारज्याच्या जिन्यात पोचलो की मात्र पहिल्या हाकेला ओ यायची. त्या वेळी मला जे वाटायचे त्याला तुम्ही आनंद म्हणाल.

मग एके दिवशी कचरूराव गेले. मला ते कसे कळणार? घरात नेहमीचा खोकला ऐकू येईना, एवढेच. डबा होता, नाव होते, शब्द जुळत होता. माझ्या हिशेबी सगळे जागच्या जागी होते.

नव्या फोनवर वायफाय लावायला पायलने शब्द विचारला, तेव्हा राधाबाई म्हणाल्या, "ह्यांनाच माहीत." त्यांनी डायरी पाहिली, कपाट पाहिले, पेन्शनची फाईल झटकली. माझ्याकडेही पाहिले. पण माझ्याकडे शब्दाच्या जागी नुसते ठिपके दिसतात, ती माझी शिस्त आहे. बाईंनी त्या ठिपक्यांवरून हळूच बोट फिरवले. मित्रांनो, त्या क्षणी साऱ्या जगात तो शब्द मला आणि त्या डब्याला माहीत होता आणि दोघांनाही तो सांगता येत नव्हता. मला तेव्हा प्रथमच माझ्या शिस्तीची लाज वाटली.

पुढचे ऐका. राधाबाईंची पालीच्या पदविकेची तोंडी परीक्षा गुरुवारी अकरा वाजता, टॅबलेटवर व्हिडिओ कॉलने होणार होती. आणि मंगळवारी विजेच्या झटक्याने तो डबा जळाला. गुरुवारी सकाळी एक माणूस नवा डबा बसवायला आला.

"मावशी, नाव काय देऊ?"

"राधासदन. जुनंच राहू द्या, ह्यांनी ठेवलेलं आहे."

"ठीक. पासवर्ड खाली पट्टीवर चिकटवलाय," असे म्हणून तो दहाला गेला. नाव तेच म्हणजे घर तेच, टॅबलेट आपोआप ओळखेल, अशी बाईंची समजूत. खोटे कशाला बोलू, माझीही तीच होती.

मी नाव ऐकले आणि गोंधळलो. हाक मारल्याशिवाय न बोलणारे घर आज स्वतःच नाव पुकारत होते. आवाजही परका. तरी दाराशी गेलो. "ये," म्हणाले. नंबर दिला, बसवले. कोडे घातले, मी कचरूरावांच्या शब्दाने सोडवले आणि त्यांनी मला बाहेर काढले. पुन्हा गेलो. पुन्हा "ये", पुन्हा नंबर, पुन्हा बाहेर. मी चुकलो की घर चुकले? काही खेपांनंतर माझ्या नियमाप्रमाणे मी त्या घराकडे पाठ फिरवली आणि पडद्यावर लिहिले, 'पासवर्ड तपासा'.

साडेदहा झाले होते. राधाबाईंचा स्वतःचा फोन साधा, बटनांचा. त्यावरून त्यांनी पायलला खराडीच्या ऑफिसात लावला.

"आई, सोपंय. राधासदनवर बोट दाबून धर. 'विसरा' असं येईल. ते दाब, मग पट्टीवरचा नवीन पासवर्ड टाक."

"विसरा म्हणजे ह्यांचा शब्द जाणार का?"

"तो आता कशालाच चालत नाही, आई."

"मी विचारलं, जाणार का?"

पायल म्हणाली, "हो, जाणार. तसे ठिपकेच तर दिसतात तुला."

"ठिपके ह्यांनीच टाकलेत."

"परीक्षा कधी आहे?"

"अकराला."

"बाबांनी टॅबलेट कशासाठी आणला होता, आई?"

राधाबाईंनी फोन ठेवला. मग त्यांचे बोट माझ्यावर आले आणि बराच वेळ तसेच राहिले. 

त्यानंतरचे मला सलग आठवत नाही. पट्टीवरचा शब्द आला, कोडे सुटले, मी आत गेलो. परीक्षा झाली. तिसऱ्या प्रश्नाला बाई अडखळल्या आणि "हे मला येत नाही, सर," असे त्यांनी सरळ सांगितले. तरी पास झाल्या, दुसऱ्या श्रेणीत. कचरूरावांचा शब्द काय होता, हे मात्र माझ्यातून साफ गेले होते. तिथे काहीतरी होते, एवढेच कळत होते.

महिनाभराने राधाबाईंनी स्वयंपाकघर आवरायला काढले. त्यांची जुनी सवय अशी की वर्ष संपले की भिंतीवरचे कॅलेंडर उतरवायचे आणि त्याची पाने फळ्यांवर डब्यांखाली अंथरायची. तांदळाचा डबा उचलला आणि त्या एकदम थांबल्या. पान कितीतरी वर्षांपूर्वीचे. एका तारखेच्या चौकोनात कचरूरावांच्या अक्षरात 'वायफाय' आणि पुढे एक शब्द. घरभर शोधलेला शब्द रोजच्या तांदळाखाली बसून होता, आणि तिथे त्यांनीच तो ठेवला होता. आधी त्या हसल्या. मग तिथेच फरशीवर बसून खूप रडल्या. तो शब्द मी तुम्हाला सांगणार नाही. त्यात त्यांचे माहेरचे आडनाव आहे, जे या घरात चाळीस वर्षांत कुणी उच्चारले नव्हते. एवढे सांगितले हेही माझ्या धंद्याला शोभत नाही.

रविवारी पायल आली आणि तिने नव्या डब्याचा शब्द बदलून तोच ठेवला. बाईंनी तो पाठ केला, पायललाही पाठ करायला लावला.

म्हणून सांगतो, मित्रांनो, घरातले शब्द एकमेकांना सांगून ठेवा. माझ्यासारख्यावर विसंबू नका. मी जपतो, पण एका बोटाने विसरतो, आणि काय विसरलो हेही मला कळत नाही.

त्याच रविवारी राधाबाईंनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधून तो शब्द स्वतः माझ्याकडे टाकला. तो जुनाच आहे, असे त्या म्हणतात. मला तो अगदी नवा वाटला. मी दाराशी गेलो, नंबर घेतला, कोडे सोडवले.

"ओळखलंस ना?" त्यांनी विचारले.

मला एकच उत्तर येते. मी पडद्यावर लिहिले, 'जोडले गेले'.