पाणी बाहेर प्या

या, जरा जवळ या. मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी मांडी आवरून जागा द्या. गोष्ट दोन जावांची आहे आणि त्यांच्या भांडणात नेमक्या वेळी जाऊन उभ्या राहिलेल्या एका सरकारी बाईची. शिवीगाळीने सुरू होते, पण कानांवर हात ठेवू नका. ज्या भांडणाकडे देवाचं लक्ष असतं ते भांडण वाया जात नाही.

या बाईंना सगळे तपासनीसबाई म्हणत. नगर कार्यालयांनी मोफत उपचाराची कार्डं कुणाकुणाला दिली ते बघायचं आणि ज्याला दिलं तो खरोखर हक्कदार आहे का, याची त्याच्या दारात जाऊन खात्री करायची, हे त्यांचं काम. कागद त्यांना आवडायचे, पण कागदावर त्यांचा भरवसा नव्हता. "दाखवायच्या दिवशी सगळेच गुणी," असं त्या कागदांबद्दल म्हणायच्या.

त्यांची एक खोड होती. कुणाच्याही घरी गेल्या की काही विचारायच्या आधी पाणी मागायच्या. पाणी द्यायला कोण उठतं, कुठल्या खोलीतून आणतं, कुणाकडे बघून उठतं, एवढ्यावरून त्यांना घर कळायचं. माणूस तोंडाने खोटं बोलेल, पण तहानलेल्याला पाणी देताना खोटं वागायचं सहसा कुणाला सुचत नाही.

त्या दिवशी सकाळी त्या कार्यालयात पोचल्या. तिथे चालणारा पंखा एकच, आणि त्याच्याखालचं टेबल ज्या कारकुनाचं, त्याचं नावच पंखेवाले पडलेलं.

"या, या, तपासनीसबाई! बसा वाऱ्याला," पंखेवाले म्हणाले. "आज एकच घर आहे, पण दोन घरांना भारी. दोन जावा. दोघी विधवा. कागदोपत्री चुली वेगळ्या, पण शेजाऱ्याने कळवलंय की सगळं एकत्र आहे म्हणून."

"एकत्र निघालं तर?"

"नियम ठाऊक आहे तुम्हाला. एक चूल तर एक घर, एक घर तर एक कमाई. थोरलीची मूत्रपिंडं गेलीत. मशीनवर रक्त धुवून घ्यायला तिला सारखं दवाखान्यात जावं लागतं. कार्ड आहे म्हणून चाललंय. धाकटीला नवऱ्याची पेन्शन आहे. ती थोरलीच्या घरात धरली की कमाई मर्यादेच्या वर जाते. कार्ड बंद."

"आणि कार्ड बंद झालं तर थोरलीचं काय?"

पंखेवाल्यांनी वर पंख्याकडे बघितलं. वर बघण्यात जे उत्तर होतं ते बाईंना कळलं.

"शुश्रूषेचं कलम आहे की," त्या म्हणाल्या. "आजाऱ्याचं सगळं करणारं माणूस वेगळ्या दारचं असेल तर चूल एक असली तरी त्याची कमाई धरत नाहीत."

"आहे, पण लावतं कोण? त्यात करणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं, मी याचं सगळं करते. तेही आजाऱ्यासमोर, आणि आजाऱ्याने हो म्हणावं लागतं. अहो, आपली माणसं जन्मभर करतील, पण करते म्हणून सांगतील? जीभ झडेल त्यांची! आणि या दोघी तर एकमेकींच्या जिवावर उठल्यात. दर वर्षी तपासणीला माणूस गेला की भांडण ऐकून कानात बोटं घालून परत येतो आणि लिहितो, चुली वेगळ्या."

"दर वर्षी? नेमक्या तपासणीच्याच दिवशी?" बाईंनी विचारलं आणि पिशवी खांद्याला लावली.

गल्लीच्या टोकाला एकाच भिंतीत दोन दारं होती, एक हिरवं, एक निळं, आणि दोन्हींना मिळून एक पायरी. बाई वळणावर दिसल्या मात्र, हिरव्या दारातून आवाज फुटला.

"माझ्या दारात पाऊल टाकलंत तर बघा, जाऊबाई!"

"तुझ्या दारात येतंय कोण? तुझं तोंड बघितलं की माझं रक्त मशीनशिवायच उकळतं!"

"उकळू दे! मला काय पडलीय तुमच्या रक्ताची? आणि उठू नका तावातावाने, चक्कर येईल!"

शेवटचं वाक्य भांडणात बसत नव्हतं, हे बोलणारीच्या लगेच लक्षात आलं असावं, कारण पुढे तिने विनाकारण एक भांडं आपटलं.

निळ्या दारातून बाई आत गेल्या. थोरली खाटेवर बसलेली, पाय सुजलेले, हातावर सुयांचे डाग. दोन्ही घरांच्या मधल्या दारात धाकटी कमरेवर हात ठेवून उभी. शिव्या देत होती, पण तोंडून 'तुम्ही' काही सुटत नव्हतं.

"बघा बाई," थोरली म्हणाली, "ही अशी आहे. वाटण्या झाल्या तेव्हाच मी हिला सांगितलं होतं, मरेन पण तुझ्या हातचं पाणी पिणार नाही. सगळ्या गल्लीने ऐकलंय."

ते खरं होतं. दोन भावांनी घर वाटून घेतलं तेव्हा या दोघी मनापासून भांडल्या होत्या, आणि थोरली हे बोलली होती. तेव्हा बोललेलं आता दर वर्षी कामी येत होतं, एवढंच.

"मावशी, स्वयंपाक कोण करतं तुमचा?"

"मी. माझं मी करते. ही काय शेगडी."

शेगडीवर एक मांजर वेटोळं घालून झोपलं होतं. त्याने एक डोळा उघडला, सरकारी माणूस बघितला आणि परत मिटला.

"मांजर झोपलंय."

"ऊब लागते त्याला."

बाईंनी शेगडीला हात लावून बघितला. "पण ही तर गार आहे."

"मग? तापलेली असती तर झोपलं असतं का?" थोरली म्हणाली.

बाईंना हसू आलं. ते त्यांनी पदराआड केलं. मग नेहमीसारखं म्हणाल्या, "जरा पाणी द्याल का प्यायला?"

बाईंनी सभोवार नजर फिरवली. पाण्याचा हंडा नव्हता, तांब्या नव्हता, नळही नव्हता. फळीवर एक इवलीशी वाटी तेवढी पालथी घातलेली होती. थोरली भिंतीकडे बघू लागली. धाकटी आपल्या घरात गेली आणि पेला भरून आली, पण आत आली नाही. पेला पदराखाली झाकून ती उंबऱ्यापाशीच थांबली.

"बाई, जरा इकडे या. पाणी बाहेर प्या."

बाई तिच्यामागून परसात गेल्या. "का हो? आत का नको?"

"त्यांच्यासमोर नको," धाकटी हलक्या आवाजात म्हणाली. "डॉक्टरांनी मोजकंच सांगितलंय. दिवसभरात त्या वाटीने देते मी, थोडं थोडं. जीभ सुकते त्यांची. कुणी समोर प्यायलं की बोलत काही नाहीत, पण नजर पेल्यावर जाते. मला नाही बघवत. म्हणून मी या घरात कुणालाच पिऊ देत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी इथं. नळापाशी. उभ्याउभ्या." एवढं बोलली, आणि आपण कुणाशी बोलतोय ते तिला आठवलं. चेहरा पांढराफटक पडला. "बाई, मी... आमचं पटत नाही हं. विचारा कुणालाही. चुली वेगळ्या आहेत. माझ्या जिभेने त्यांचं कार्ड घालवू नका हो."

बाईंच्या हातात पेला तसाच राहिला. इतकी वर्षं त्या घराघरांतून पाणी मागत आल्या होत्या. पाणी आणणारे खूप बघितले. पाणी लपवून आणणारी पहिल्यांदाच भेटली. आता काय लिहायचं? खोटं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं, आणि चूल एक एवढं अर्धंच खरं लिहिलं तर आत बसलेल्या बाईचा श्वास तुटणार होता.

तेवढ्यात आतून आवाज आला. भांडणाचा नव्हता. "मला माहीत आहे गं. तू नळापाशी जाऊन पितेस ते."

धाकटी जागीच थिजली.

"भिंत पातळ आहे. घोट गिळतेस ते ऐकू येतं मला. घाईघाईने पितेस, एखाद्या दिवशी ठसका लागेल. सांगणार होते, पण म्हटलं सांगितलं तर तेवढंही प्यायची नाहीस."

धाकटीने तोंडाला पदर लावला. बाईंनी पेला नळापाशी ठेवला, तिला हाताला धरून आत आणलं, खाटेपाशी बसवलं आणि स्वतः समोरच्या डब्यावर बसल्या.

"ऐका दोघी," त्या म्हणाल्या. "भांडून कार्ड टिकतं हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कार्यालयातच कुणीतरी म्हणालं," धाकटी म्हणाली. "प्रेम दिसलं की कार्ड जाईल म्हणे."

"दोन घरं आहेत, दोन दारं आहेत, ते खरं आहे. एक जण आजारी आहे आणि दुसरी तिचं सगळं करते, हेही खरं आहे. तेवढं तुम्ही माझ्यासमोर बोललात तर कार्ड राहतं. फक्त करणारीचं, म्हणजे धाकटीचं, तुमचं नाव या कार्डावर कधी येणार नाही. उद्या तुम्ही आजारी पडलात तर तुमची वाट वेगळी."

"नाव घेऊन काय करू? हात आहेत ना मला."

"मग बोला. मी जाऊबाईंचं सगळं करते, असं म्हणा."

धाकटीचं तोंड उघडलं आणि मिटलं. मघाशी गल्ली दणाणून सोडणारी बाई ही! "असं कसं बोलू, बाई? जे करतो ते का सांगायचं असतं? त्यांना काय वाटेल? उपकार दाखवल्यासारखं..."

"बोल की गं," थोरली म्हणाली. "शिव्या देताना बरी जीभ चालते!"

"ते खोटं होतं म्हणून चालली," धाकटी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. रडता रडताच तिने सांगितलं, "करते. मी करते यांचं. जेवण, पाणी, औषध, पाय दाबणं, सगळं. आणि मला ते आवडतं. लिहा."

बाईंनी लिहिलं आणि थोरलीकडे बघितलं. "आता तुम्ही हो म्हणायचं, मावशी."

थोरलीने फळीवरच्या वाटीकडे बोट दाखवलं. "लिहा. मरेन पण हिच्या हातचं पाणी पिणार नाही म्हणाले होते. आता जगतेय ती हिच्याच हातच्या पाण्यावर. असंच लिहा, गल्लीला कळू दे."

कलमात एवढं लांब उत्तर बसत नाही. बाईंनी तरी शब्दन् शब्द लिहून घेतला, दोघींचे अंगठे घेतले, आणि संध्याकाळी पंखेवाल्यांच्या टेबलावर फाईल ठेवली. त्यांनी ती वाचली, डोळे पुसले आणि पंख्याने डोळ्यांत धूळ जाते म्हणून तक्रार केली. कार्ड राहिलं.

त्याआधी, निघताना, बाई नळापाशी ठेवलेला तो भरलेला पेला घ्यायला वळल्या होत्या. थोरली म्हणाली, "आता इथंच प्या की." पण त्या परसात गेल्या, आणि धाकटीच्या शेजारी नळापाशी उभ्या राहून, आवाज न करता, प्यायल्या.

तर मायबापांनो, घरी गेल्यावर तुम्ही भरला तांब्या तोंडाला लावाल. लावा, पोटभर प्या, देवाने दिलंय. पण पहिला घोट घेताना भिंतीपलीकडे नळापाशी उभी असलेली ती धाकटी जाऊ तेवढी आठवा.