ढगातली बांधाबांध

वहिनी सायकलींच्या पिशव्या शिवायची. डोंगरात, खडीच्या रस्त्यांवर दिवसच्या दिवस सायकल घेऊन भटकणाऱ्यांना लागतात तशा. एक फ्रेमच्या त्रिकोणात चपखल बसणारी, एक सीटखालून शेपटीसारखी निघणारी, एक हँडलला आडवी बांधायची. मागच्या खोलीत तिचं मशीन होतं आणि त्याच खोलीत, खिडकीशी, तिच्या नणंदेची कॉट. नवरा परदेशी गेला तो तिकडचाच झाला, पण त्याची बहीण वहिनीकडेच राहिली. ज्याच्यामुळे नातं जडलं तो नात्यातून उठून गेला आणि या दोघी तशाच बसून राहिल्या, जेवणं आटोपल्यावरही हात वाळवत गप्पा मारत बसावं तशा.

वन्सं दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर एके सकाळी त्यांनी जाहीर केलं, की इतकी वर्षं तू लोकांच्या सहली शिवल्यास, आता आपण जायचं. खिंडीपलीकडे. वहिनी नाही नाही म्हणाली, आणि मग उरलेल्या कापडातून दोन संच शिवायला बसली.

सामान भरताना मात्र दोघींचं जमेना. वहिनीचं म्हणणं, जड ते मध्ये आणि खाली, फ्रेमच्या पोटात, अंथरूण सीटखाली, हँडलवर फक्त हलकं, नाहीतर चाक खडीत ऐकत नाही. वन्संनी हो हो म्हटलं आणि वहिनीची पाठ वळताच हँडलच्या पिशवीत छत्री, खरीखुरी उशी आणि अख्ख्या वॉर्डाला पुरतील एवढी बँडेजं कोंबली. वहिनीनं काढली की त्या परत घालायच्या. शेवटी तिनं नाद सोडला. आपल्या माणसाशी किती हुज्जत घालायची? पण तिला एक खटकलं. वन्सं सामान भरत होत्या ते चार दिवसांसाठी भरल्यासारखं नव्हतं. कपाटाचे कप्पे त्या हातानं चाचपून बघत होत्या. वहिनीनं विचारलं, तर म्हणाल्या, धूळ बघतेय.

मग रस्ता सुरू झाला. डांबर संपलं आणि चाकांखाली खडी बोलायला लागली, कढईत काहीतरी मंद परतत असल्यासारखी, अखंड. वर चढत गेल्या तशी झाडं ठेंगणी झाली, मग नुसतं गवत उरलं. दोघी बोलेनाशा झाल्या. वहिनीला वाटत होतं, आपण पेडल मारत नाही आहोत, डोंगरच सावकाश आपल्याखालून सरकतोय.

खिंडीच्या अलीकडच्या वळणावर वन्संचं पुढचं चाक वळलंच नाही. हँडलवरचं ओझं एका बाजूला कलंडलं, पट्टा फाटला आणि वन्सं सायकलीसकट गवतात आडव्या झाल्या, अगदी हळू, कुणीतरी उचलून ठेवल्यासारख्या. लागलं काहीच नाही. पण त्यांना उठवेपर्यंत ढग खाली उतरला. रस्ता गेला, डोंगर गेला, हातभर अंतरावरची सायकलसुद्धा पुसट झाली.

अशा धुक्यात पुढं जाण्यात अर्थ नव्हता. वहिनीनं सगळ्या पिशव्या उघडून सामान गवतावर मांडलं, सुई-दोरा काढला आणि पट्टा शिवायला घेतला. वन्सं उशीवर बसल्या. आवाज म्हणून नव्हताच. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "दादानं तिकडे बोलावलंय. कायमचं. खोली तयार ठेवलीय म्हणतो."

वहिनीनं टाका ओढला. "मग?"

"मला वाटलं, एकदा तुझ्याबरोबर खिंड ओलांडावी. मग जायला सोपं पडेल."

"पडलं का?"

वन्संनी ढगाकडे बघत मान हलवली. ते 'हो' होतं की 'नाही', कळायला मार्ग नव्हता. वहिनीचा हात थांबला. "जाऊ नकोस," ती म्हणाली.

आयुष्यभर तिनं वन्संना अहो-जाहो केलं होतं. ते 'नकोस' दोघींनी ऐकलं.

तेवढ्यात घोडे आले. आधी श्वास ऐकू आले, मग ढगातून एक पांढरं तोंड, मग दुसरं, तपकिरी, ओलं. लगाम नाहीत, घंटा नाहीत. कळप त्यांच्या मांडलेल्या सामानातून एवढ्या जपून चालत गेला की एक डबासुद्धा कलंडला नाही. एका शिंगरानं वन्संच्या खांद्याला नाक लावलं आणि ते तसंच उभं राहिलं. वन्संनी त्याच्या कपाळावर तळहात ठेवला, रोग्याचा ताप बघावा तसा. मग तेही गेलं. मागे उबदार वास तेवढा राहिला.

"कुणाचे असतील?" वहिनीनं कुजबुजत विचारलं. वन्संचे डोळे भरले होते.

ढग विरळ व्हायला लागला तशी दोघींनी बांधाबांध सुरू केली. या वेळी वन्संनी वहिनीचं सगळं ऐकलं. बँडेजं खाली गेली, उशी चेपून सीटखाली गेली, छत्री वहिनीनं स्वतःच्या फ्रेमला बांधून घेतली. शिवलेला पट्टा ओढून बघत वन्सं म्हणाल्या, "तिकडे मशीनचा आवाज नसणार. मला झोप कशी लागायची? मी दादाला नाही म्हणून कळवते."

वहिनीनं त्यांची सायकल धरली आणि त्या बसेपर्यंत धरून ठेवली.

खिंडीपलीकडे ऊन होतं. उतारावर ब्रेक दाबून बोटं दुखेपर्यंत त्या उतरत राहिल्या आणि पहिल्याच विसाव्याच्या घराशी थांबल्या. मालकीणबाईंनी चहा ठेवला आणि चौकशी केली, बहिणी-बहिणी का?

"नणंद-भावजय," वन्सं म्हणाल्या.

बाईंनी दाराबाहेर नजर टाकली, तिसरं कुणी मागून येतंय का बघायला. रस्ता रिकामा होता. मग त्यांनी दोनच कप भरले.