ज्वारीची पोच

श्रावण मास्तरांना दान मागायची लाज कधी वाटली नाही. लाज वाटायची ती दान घेऊन गप्प बसणाऱ्यांची. अमरावतीत तेव्हा पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्यांना तोटा नव्हता. एकदा पावती फाडली की देणारा मेला काय नि जगला काय, पुढच्या वर्षापर्यंत कोणी ढुंकून पाहायचं नाही. मास्तर म्हणत, दूध काढल्यावर गाईच्याही पाठीवरून हात फिरवतात, मग माणसाच्या का नाही?

मास्तरांचं वसतिगृह बडनेरा रस्त्याला होतं. छप्पन साली धर्म बदलला आणि दुसऱ्याच वर्षी वस्तीतल्या चौघांनी मिळून ते काढलं. चार खोल्या, एक टिनाचं स्वयंपाकघर आणि खेड्यापाड्यांतून शिकायला आलेली बत्तीस पोरं. मास्तर नगरपालिकेच्या शाळेत शिकवत, आणि उरलेला सगळा वेळ या पोरांच्या पोटामागे धावण्यात जाई. ज्यांच्यासाठी वसतिगृह काढलं ती माणसं मजुरीवर जगणारी, त्यांच्याकडे पैसा कुठून मागणार? म्हणून मास्तर धान्य मागत. सुगी झाली की दोन-दोन पोरं पोतं घेऊन बाजाराच्या गावी जात आणि पायली-अर्धी पायली मिळेल ते घेऊन येत.

मास्तरांनी पत्रांचा एक नेम घालून दिला होता. धान्य आलं की आठ दिवसांच्या आत देणाऱ्याच्या घरी पोस्टकार्ड गेलंच पाहिजे. ते कुठल्या तरी मुलानं स्वतःच्या हातानं लिहायचं. भाकरी कशा झाल्या, आपण कितवीत आहोत, अभ्यास कसा चाललाय, सगळं कळवायचं, पण पुन्हा काही मागायचं नाही. बाई असेल तर 'आई' म्हणायचं, बाप्या असेल तर 'बाबा', आणि खाली 'तुमचा मुलगा'. नाव मात्र टाकायचं नाही. नाव टाकल्याचा चटका एकदा बसला होता. अकोल्याचे केशवराव अडते एका मुलाच्या अक्षरावर इतके खूश झाले की त्यांनी त्या एकट्याला बूट धाडले. बाकीची एकतीस पोरं अनवाणी. महिनाभर वसतिगृहात नुसती धुसफूस. तेव्हापासून मास्तरांनी ठरवलं, जो लिहील त्यानं सगळ्यांच्या वतीनं लिहायचं.

नेमाला फळ आलं. देणारे टिकले, वाढले. अकोल्याच्या एका सभेत मास्तरांना भाषणाला बोलावलं, तर त्यांनी दुसरं काही सांगितलं नाही, एका बाईची गोष्ट सांगितली. अंजनगाव सुर्जीच्या अलीकडच्या खेड्यातली मनकर्णाबाई, माळ्याची विधवा, भाजीपाला पिकवणारी. पाच वर्षांपूर्वी तिनं भर बाजारात आमच्या पोरांच्या पोत्यात पायलीभर ज्वारी टाकली. आम्ही कार्ड धाडलं. पुढच्या वर्षी न मागता अर्धं पोतं यष्टीच्या टपावर चढवून आलं. त्याच्या पुढच्या वर्षी पूर्ण पोतं, आणि मागच्या साली दोन पोती ज्वारी, वर कांदे. ना आपल्या धर्माची, ना नात्यातली. चार शब्द मायेनं लिहिले की माणूस असं जोडलं जातं, असं मास्तर म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मास्तरांच्या कानात बरेच दिवस होत्या, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

सहासष्ट सालच्या माघात वसतिगृहाची कोठी तळाला गेली. पावसानं दगा दिलेला, रेशनच्या दुकानात अमेरिकेची लाल मिलो ज्वारी, तीही मापून. बारा दिवसांचं धान्य उरलं तेव्हा समितीनं ठरवलं की महिनाअखेरपर्यंत सोय झाली नाही तर लहान अकरा पोरांना घरी पाठवायचं. घरी गेलेलं पोर परत येत नाही, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. ते कापसाच्या वेचणीला जातं नाहीतर ढोरांमागे, आणि त्याचं दप्तर खुंटीला टांगलेलं राहतं. मनकर्णाबाईच्या विहिरीला अजून पाणी आहे असं कळलं होतं. मास्तरांनी ठरवलं, आपला नेम एकदा मोडायचा, स्वतः जायचं आणि तोंडानं चार पोती मागायची.

अंजनगावला उतरून ते पायी निघाले. मळा सापडायला त्रास झाला नाही. पन्नाशीकडे झुकलेली एक हाडकुळी बाई बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मी अमरावतीच्या वसतिगृहाचा, असं मास्तरांनी सांगताच तिच्या हातातली जुडी खाली पडली. ती उठली, पदर सारखा केला आणि मास्तरांच्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे पाहू लागली. एकटेच आले का, असं तिनं विचारलं. मास्तर हो म्हणाले तसं तिचं तोंड उतरलं. मास्तरांना वाटलं, सोबत दोन प्रतिष्ठित माणसं आणायला हवी होती. मोठ्या दात्याकडे असं एकट्यानं जाऊ नये.

तिनं त्यांना घरी नेऊन बाजेवर बसवलं. भाचीला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. भाची ललिता, पंधरा-सोळा वर्षांची, कप ठेवून दाराआड गेली, पण तिथून हलली नाही. भिंतीशी ज्वारीची चार पोती तोंड शिवून उभी होती. मास्तरांनी ती नजरेनं मोजली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आता मागायचंही कारण नव्हतं. त्यांनी आभाराचं भाषण सुरू केलं, तर बाईनं ते अर्ध्यावर तोडलं.

"ते राहू द्या, मास्तर. माहा तुमच्यावर राग हाय. मॅट्रिकातल्या पोट्ट्याले तुमी सातवीत काहून बसवलं?"

मास्तरांना काही उमगलं नाही. बाईनं आतून पत्र्याची पेटी आणली आणि पाच पोस्टकार्डं ओळीनं बाजेवर मांडली. तिला वाचता येत नव्हतं, पण पोस्टमन मोतीरामनं वाचून दाखवलेलं अक्षर न् अक्षर तिला पाठ होतं. पहिल्या साली सहावीत होता. दुसऱ्या साली एकदम आठवीत, ते ठीक, डोकं मुळात चांगलं. तिसऱ्या साली पाचवीत कसा आला? तेव्हा तिनं मनाला समजावलं की काही खोडी केली असेल, मास्तरनं खाली बसवलं. चौथ्या साली मॅट्रिकला. त्या दिवशी तिनं गल्लीत गूळ वाटला. आणि शेवटच्या कार्डात सातवी.

"एकोणीस वर्साचा घोडा सातवीत बसते काय?" ती म्हणाली. "लोकं हासून राहिले ना आमाले."

दर वर्षी वेगळा मुलगा लिहितो, बाई, असं मास्तर बोलायला गेले आणि कार्डाखालच्या 'तुमचा मुलगा' या शब्दांवर त्यांची नजर गेली. हातातला कप त्यांनी खाली ठेवला.

"बाई, तुमचा मुलगा असतो कुठे?"

हा माणूस आपली थट्टा करतोय की काय, अशा नजरेनं तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमच्याजोळ," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं, म्हणजे मास्तरांना ते माहीतच आहे असं धरून सांगितलं. सहदेव बारा वर्षांचा होता. त्याच्या हातून बैल सुटून शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरला, म्हणून बापानं त्याला विहिरीच्या दोरानं मारलं. रात्रीतून पोर निघून गेलं. कोणी म्हणालं बडनेऱ्याच्या टेसनावर दिसला. बापानं दोन वर्षं गावं पालथी घातली आणि त्यातच तो गेला. त्याच साली बाजारात दोन पोरं पोतं घेऊन उभी दिसली. तिनं पायलीभर ज्वारी टाकली आणि सहज विचारलं, तुमच्यात सहदेव नावाचा कोणी आहे का? एक पोरगं म्हणालं, आहे की. तेव्हा वसतिगृहात एक सहदेव होताही, पण तो दर्यापूरचा, त्याच्या आईला मास्तर ओळखत होते; बत्तिसांत नाव जुळायला काय लागतं. पण आठ दिवसांनी मोतीराम गल्लीच्या तोंडापासून ओरडत आला, बाई, तुमच्या पोराचं पत्र आलं!

नाव टाकत नाही कारण बापाचा मार अजून आठवत असेल. पोस्टकार्डावर 'तुमची ज्वारी' म्हणतो, 'आपली' म्हणत नाही, कारण राग गेलेला नाही. सगळ्याला तिच्याकडे उत्तर होतं. भाऊबंदांनी तोंड सोडलं, पोरगं बाटलं म्हणून. तिनं त्यांना सुनावलं की जिथं त्याले भाकर भेटली तो त्याचा धरम. वसतिगृहाच्या कार्यक्रमांची बोलावणी यायची तेव्हा ती जायला निघायची आणि यष्टीपर्यंत जाऊन परत फिरायची.

"मी गेली असती तर तो तेथूनबी पळाला असता," ती म्हणाली. "म्हटलं, राहू दे. जेवून तर राहिला ना."

आणि आता पुरे झालं, असं तिचं म्हणणं होतं. ललिता तिच्या भावाची मुलगी, तिचं सहदेवशी जमवून ठेवलं होतं. मुलगा शिकतोय म्हणून भावानं दोन स्थळं परत पाठवली होती. वैशाखात लग्न. मास्तरांनी त्याला समजावून घेऊन यावं, त्यांचा शब्द तो मोडणार नाही. चार पोती काढून ठेवलीच होती.

श्रावण मास्तर वाईट माणूस नव्हते. तरी त्या क्षणी त्यांच्या मनात जे आलं ते आलंच. खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प बसायचं होतं. बघतो, समजावतो, असं म्हटलं की पोती गाडीत पडणार आणि अकरा पोरं शाळेत राहणार. वैशाखाला तीन महिने होते. अकरा पोरांची तोंडं त्यांच्या डोळ्यांपुढे आली, आणि त्यांना स्वतःची अशी किळस आली की त्यांनी मान खाली घातली. दाराआड बांगड्या वाजल्या. ती मुलगी कान देऊन ऐकत होती.

"बाई, तुमचा सहदेव आमच्याकडे नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हता."

तिनं शेवटचं कार्ड उचललं, उलटसुलट करून पाहिलं.

"मंग हे कोनं लिवलं?"

मास्तरांनी सांगितलं. पाच साल, पाच पोरं. एकाचंही बाईशी नातं नाही. सगळ्यांना असंच लिहायला शिकवलेलं. कोणी शिकवलं, असं तिनं विचारलं तेव्हा मी शिकवलं, असंही सांगितलं. आत काहीतरी खाली आपटलं आणि ललिता मागच्या दारानं बाहेर गेल्याचा आवाज आला. बाई तिला हाक मारायला उठली नाही. ती बाजेच्या कडेला धरून खाली बसली, आणि तिच्या पायाची बोटं मातीत रुतत गेली, तेवढीच हालचाल. मास्तरांना वाटलं, तिनं आपल्याला चपलेनं मारलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या पोराला त्यांनी पाच वेळा जिवंत केलं होतं आणि आज एका वाक्यात पुन्हा हरवलं होतं.

मग ती उठली, अंगणात जाऊन गड्याला गाडी जुंपायला सांगितली आणि पोती भरायला लावली. मास्तर धडपडून उठले. हे मी नेऊ शकत नाही, असं त्यांनी दोन-तीनदा म्हटलं.

"काहून? पोट्टे उपाशी नाहीत काय?"

आहेत, मास्तर म्हणाले. बारा दिवसांचं उरलं होतं, त्यातले तीन गेले.

"मंग न्या. पाच साल त्यायनं खाल्लं, आता काय तोंडचं काढू?" ती खांबाला टेकून उभी राहिली. गडी एकेक पोतं पाठीवर घेऊन जात होता. तिसरं पोतं गेलं तेव्हा तिनं विचारलं, "या पाच पोट्ट्यायच्या माया जित्त्या हायत?"

"आहेत. चौघांच्या तरी आहेत."

"त्यायले कोन लिवते पत्र?"

मास्तर आठवू लागले. नऊ वर्षांत शेकडो कार्डं गेली होती. अडत्यांना, मालगुजारांना, वकिलांना, ज्यांनी ज्यांनी पोत्यात काही टाकलं त्यांना. पोरांच्या आया दर्यापुरात, अचलपुरात कोणाच्या तरी शेतात निंदत होत्या. त्यांनी पोत्यात काही टाकलेलं नव्हतं. पोरं दिली होती, पण त्याची पोच द्यायचं कधी कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"कोणी नाही," ते म्हणाले.

"अन् मले काहून लिवलं?"

सभेत सांगायला या प्रश्नाची दहा उत्तरं मास्तरांपाशी होती. माणूस जोडायला, माया वाढवायला, देणाऱ्याचा मान ठेवायला. त्यांनी त्यातलं एकही काढलं नाही.

"ज्वारीसाठी, बाई."

तिनं मान हलवली, आणि गड्याला म्हणाली, चौथं पोतं जरा नीट धर, शिवण उसवली आहे.