माझी नंबर

राजमती चौगुले दिवसभर गडमुडशिंगीच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायची आणि संध्याकाळी घरी आल्यावर ऑर्कुटवरही तेच करायची. सन दोन हजार सात. त्या वेबसाईटवर कोल्हापूरकरांची एक कम्युनिटी होती. पुण्याला नोकरीला गेलेले, दुबईत अडकलेले, इथंच राहून वेळ न जाणारे, सगळे तिथं जमायचे. पंचगंगेचं पाणी कुठवर आलं, कुठल्या तालमीनं कुणाला चीत केलं, असल्या गप्पा चालायच्या. राजमती त्या गप्पांखाली जाऊन लिहायची, ‘दुरुस्ती: आणि, आनी नव्हे.’ ‘दुरुस्ती: की दीर्घ.’ काही जण चिडून निघून गेले. बरेच जण तिला नुसतं बाई म्हणायला लागले. त्यात थोडी थट्टा होती, थोडा धाकही होता, आणि तिला दोन्ही आवडायचं.

सगळ्यात जास्त दुरुस्त्या शिवपुत्र हिरेमठच्या वाट्याला यायच्या. हा पोरगा मूळचा संकेश्वरकडचा. घरात कानडी, शाळाही सातवीपर्यंत कानडीच. उचगावात त्यानं एक छोटा सायबर कॅफे टाकला होता आणि गिऱ्हाईक नसलं की तो दिवसभर ऑर्कुटवर असायचा. त्याच्या लिहिण्यात लिंगांचा पत्ता नसायचा. ती बैल, तो म्हैस, काहीही.

एकदा त्यानं लिहिलं, ‘बाई हे गप्पा मारायचा जागा हाय. हितं कोन पेपर तपासतंय?’

‘गप्पा मारायची जागा,’ राजमतीनं उत्तर दिलं. ‘आणि ज्याला नीट लिहिता येत नाही, त्याला नीट विचारही करता येत नाही.’

‘माझा आई तर लिवतच न्हाय. तिनं इचार करत न्हाय व्हय?’

कम्युनिटीत हशा पिकला. राजमतीनं खाली फक्त एवढंच लिहिलं, ‘माझी आई.’

तरी दोघांचं जमलं होतं. तिच्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला तेव्हा तो उचगावातून मोटरसायकलवर आला आणि दुपारभर बसून सगळं नीट करून गेला. चहा पिताना त्यानं आपणहून तिला आक्का म्हणायला सुरुवात केली. जाताना तिच्या मोबाईलमध्ये स्वतःचा नंबर घालून दिला. “काय बी अडलं तर फोन लावा आक्का. मी कुटं जातोय, हाय की हितंच.”

दिवाळीच्या अलीकडे एका सकाळी कम्युनिटीत एक नवं प्रोफाईल उगवलं. फोटो शांभवीचा. शांभवी म्हणजे राजमतीच्याच गल्लीतली, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची पोरगी. फोटोखाली वाचवत नाही असला मजकूर होता, आणि शेवटी, ‘माझी नंबर घ्या आनि कधीपण फोन करा.’ नंबर खरा होता.

दुपारपर्यंत फोन वाजायला लागले. शांभवीनं पहिले काही उचलले, मग मोबाईल गादीखाली घातला, तरी त्याची थरथर ऐकू येत होती. संध्याकाळी कुणीतरी तिच्या वडलांनाच दुकानात विचारलं, पोरीचा रेट काय. दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजला गेली नाही. कुणी जा म्हणालंही नाही. तिची आई तिच्याशी बोलेना, जणू मजकूर तिनंच लिहिला होता.

तिचा थोरला भाऊ गुंडू तालमीतला. त्याला कॉम्प्युटर चालू करायलाही यायचं नाही. तो त्यांच्या आत्तेभावाला, पृथ्वीराजला, घेऊन राजमतीच्या दारात आला. पृथ्वीराज इंजिनिअरिंगला होता, केजीपासून इंग्लिश मीडियममधला, स्वच्छ कपड्यातला पोरगा. सोफ्याच्या कडेला टेकून बसला.

“बाई,” गुंडू म्हणाला, “सगळ्यांचं लिवणं तुमी वळकता म्हनं. ह्ये कुनाचं काम हाय, तेवढं सांगा.”

“पोलिसात दिलं का?”

“पोलिसात दिलं की पेपरात येतंय. पोरीचं लगीन व्हायचंय अजून.”

राजमतीनं कॉम्प्युटर लावला. पृथ्वीराजनंच माऊस हातात घेऊन पान उघडून दिलं. तिनं मजकूर वाचला. घाण वाटली, पण त्याच वेळी तिची नजर सवयीनं दोन जागी थांबली. ‘आनि.’ ‘माझी नंबर.’ तिनं मागच्या गप्पा काढल्या. उन्हाळ्यात शिवपुत्रनं कुणालातरी लिहिलं होतं, ‘माझी नंबर लिवून घ्या, कॅफे वर या.’

तिच्या छातीत धडधडलं. दुःखानं नव्हे. पेपर तपासताना दोन पोरांची एकसारखी चूक सापडली की कॉपी पकडल्याचा जो आनंद व्हायचा, तसलं काहीतरी होतं ते.

“नंबर पुल्लिंगी आहे,” ती म्हणाली. “माझा नंबर. माझी नंबर असं लिहिणारा आमच्यात एकच आहे. शिवपुत्र. उचगावात कॅफे आहे त्याचा.”

तिचे यजमान जिनेश आतल्या खोलीत हिशेब करत बसले होते. ते दारात आले. “अगं, कशाला नाव घेतीयास कुणाचं?”

“खात्री आहे म्हणून घेते. अक्षर लपवता येतं, चूक लपवता येत नाही.”

पृथ्वीराजनं स्क्रीनकडे बघत विचारलं, “शुअर ना बाई?”

“पंधरा वर्षं शिकवतेय मी.”

ते दोघं गेले. जिनेश म्हणाले, “ती पोरं आता पोलिसात चाललीत असं वाटतंय व्हय तुला?”

तिनं मोबाईल घेतला, शिवपुत्रचं नाव काढलं. फोन करून काय म्हणायचं? सावध केलं तर तो प्रोफाईल पुसून टाकील. विचारलं तर खोटं बोलेल. आणि त्यानं केलंच असेल तर त्याला वाचवायचं कशाला? शांभवीचं तोंड तिच्या डोळ्यांपुढं आलं. तिनं मोबाईल टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तालमीची पोरं तीन-चार गाड्यांवरून उचगावात गेली. कॅफेत दोन गिऱ्हाइकं होती, त्यांना कॉलर धरून बाहेर काढलं. शिवपुत्र उठून “या पावनं” म्हणाला आणि पुढचं त्याला म्हणताच आलं नाही. पृथ्वीराजनं त्याचे हात मागं धरले. गुंडू मारत होता आणि प्रत्येक तडाख्याबरोबर विचारत होता, “का लिवलास? का लिवलास?” काय लिहिलं तेच शिवपुत्रला समजत नव्हतं. तो “काय ते, काय ते” एवढंच करत राहिला. शेवटी कुणीतरी म्हणालं, “बाईनं वळकलंय तुला, खोटं बोलू नगंस.” तेव्हा तो गप्प झाला.

त्याची आई नीलम्मा जेवणाचा डबा घेऊन तेवढ्यात तिथं पोचली. “बिडरी, बिडरी,” करत, सोडा सोडा म्हणत ती मधे घुसली. तिला बाजूला ढकललं. त्या झोंबाझोंबीत टेबल कलंडलं, मॉनिटर खाली पडून फुटला आणि कुणीतरी शिवपुत्रचं डोकं धरून त्यावर आपटलं. काच डाव्या डोळ्यात गेली. रक्त बघितल्यावर पोरं पळाली.

राजमतीला त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कळलं. उचगावातून येणाऱ्या एका शिक्षकानं सांगितलं, कॅफेवाल्या कानडी पोराला कुणीतरी लई मारलंय, डोळा जातोय म्हणतात. ती पुढच्या तासाला वर्गात उभी राहिली. फळ्यावर काय लिहायचं होतं ते आठवेना. पोरांना वाचन करायला सांगून खिडकीपाशी गेली आणि तास संपेपर्यंत तिथंच राहिली. स्वतःशी म्हणत होती, वाईट झालं, पण केलं त्यानंच होतं.

असं ती दोन दिवस म्हणू शकली. तिसऱ्या दिवशी कम्युनिटीत आणखी एक प्रोफाईल आलं. तोच फोटो, दुसरा मजकूर. शांभवीच्या वडलांनी तिला नवं सिमकार्ड आणून दिलं होतं, ते घरच्याच माणसांना माहीत होतं. खाली लिहिलं होतं, ‘माझी नवीन नंबर.’

शिवपुत्र तेव्हा सरकारी दवाखान्यात होता आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती.

ह्या वेळी शांभवी कुणाचं ऐकून बसली नाही. वडलांचा हात धरून ती स्वतः पोलीस स्टेशनात गेली. “पेपरात येऊ दे की,” ती वडलांना म्हणाली. “आनि काय ऱ्हायलंय माझं?” पोलिसांना वेळ लागला, पण सापडलं. प्रोफाईल जिथून केलं होतं तो कॉम्प्युटर पृथ्वीराजच्या घरात होता. मामाची मुलगी म्हणून त्यानं उन्हाळ्यात शांभवीला मागणी घातली होती आणि तिनं नाही म्हटलं होतं. एवढंच. त्याला मराठी बोलता यायचं, लिहायची सवय नव्हती. इंग्लिश मीडियमची निम्मी पोरं नंबरला स्त्रीलिंगी करतात, हे राजमतीला कुणी सांगायची गरज नव्हती. अशी पोरं तिच्या नात्यात होती, शेजारी होती. ती त्यांना हसून सोडून द्यायची.

ती दवाखान्यात गेली. नीलम्मा खाटेपाशी खाली बसली होती. कुणीतरी शिक्षिका बघायला आली म्हणून तिनं घाईनं स्टूल पदरानं पुसून पुढं केलं. उजव्या डोळ्याची पट्टी काढली होती, डावा गेला होता. त्या एका डोळ्यानं शिवपुत्रनं तिच्याकडे बघितलं.

“तुमी बोलला व्हय माझं नाव?”

“हो.”

“का?”

काय सांगायचं ते तिनं रिक्षात ठरवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. “तू उन्हाळ्यात ‘माझी नंबर’ लिहिलं होतंस,” ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला आपल्या आवाजाची लाज वाटली.

त्यानं तोंड छताकडे वळवलं. “फोन लावायचा होता की. नंबर हाय तुमच्याकडं. एक फोन. मी न्हाय म्हनलं असतं.”

“माझा विश्वास बसला नसता कदाचित.”

“का? चुकीचं बोलतोय म्हनून?”

नीलम्माला मराठी कामापुरती यायची, पण हे कशाबद्दल चाललंय ते न कळून ती दोघांच्या तोंडाकडे बघत होती. शिवपुत्र आईला कानडीत काहीतरी म्हणाला. नीलम्माचा चेहरा बदलला. तिनं आरडाओरडा केला नाही. स्टूल ओढून घेतलं, खाटेखाली सरकवलं आणि पाठ फिरवून बसली.

राजमती तिथून थेट पोलीस स्टेशनात गेली. नाव मी सांगितलं, ते लिहून घ्या, म्हणाली. फौजदारानं तिला पाणी दिलं.

“बाई, तुमी मारलंय काय?”

“नाही.”

“मारा म्हनलाय काय?”

“नाही. पण माझ्यामुळं मारलं.”

“असं कलम न्हाय.” तरी तिनं हट्ट धरला म्हणून त्यानं हवालदाराकडून जबाब घेतला. हवालदारानं लिहिलं की राजमती चौगुले यांनी संशय व्यक्त केला. संशय नव्हता, मी खात्रीनं सांगितलं, असं ती म्हणाली. हवालदार वैतागून म्हणाला, एकच झालं की. तिनं सही केली.

जबाबाचा काही उपयोग झाला नाही. गुंडूच्या आणि पृथ्वीराजच्या घरच्यांनी दवाखान्याचा सगळा खर्च द्यायचं कबूल केलं, उचगावातले चार मोठे मध्ये पडले, आणि शिवपुत्रनं तक्रार पुढं रेटली नाही. परक्या गावात केस कोण लढवणार? पृथ्वीराजवर शांभवीची तक्रार राहिली. त्याला काही दिवस आत ठेवलं, जामीन झाला, आणि परीक्षेला बसायची परवानगीही मिळाली. शांभवी पुन्हा कॉलेजला गेली नाही. बाहेरून परीक्षा दिली आणि पुढं मिरजेला नोकरी धरली. गुंडूनं तालमीत जाणं सोडलं. गल्लीत राजमती समोरून आली की तो मान खाली घालून कडेनं जायचा, आणि तीही.

कम्युनिटी चालूच होती. कॅफेची बातमी तिथं आली तेव्हा बऱ्याच जणांनी हळहळ लिहिली. एकानं लिहिलं, ‘खूप वाईट वाटल. देव त्याला लवकर बर करो.’ अनुस्वार नव्हते. त्याखाली, नाव बाईंनीच सांगितलं हे ठाऊक नसलेल्या कुणीतरी हसरी खूण टाकून विचारलं, ‘बाई, दुरुस्ती?’ तिनं आपलं खातं बंद केलं. शाळेत ती शिकवत राहिली, कारण नोकरी होती. पण कॉपी पकडायचं काम आलं की दुसऱ्या शिक्षकाकडे द्यायची, आणि कारण विचारलं की डोळे दुखतात म्हणायची.

जानेवारीत ती उचगावला गेली. कॅफेचं शटर अर्धं उघडं होतं. आत रिकामी टेबलं एकावर एक रचून ठेवली होती आणि बाहेर टेंपो उभा होता. शिवपुत्र संकेश्वरला आधीच गेला होता, मामाच्या दुकानात बसायला. सामान न्यायला नीलम्मा एकटीच आली होती.

राजमती म्हणाली, “मला त्याला भेटायचं होतं.”

“तो भेटत न्हाय कुनाला.” नीलम्मा दोरी आवळत होती. तिनं वर बघितलं नाही. “तिकडं मराठी बोलतच न्हाय आता. गिऱ्हाईक मराठी बोललं तर पोरगं आत जातंय, मला पाठवतंय भाईर.”

राजमतीनं टेबलाची एक बाजू धरली, उचलू लागावं म्हणून. नीलम्मानं तिचा हात बाजूला केला, जोरात नाही, वाटेतली वस्तू सारावी तसा, आणि टेंपोवाल्याला हाक मारली. त्या दोघांनी टेबल चढवलं. राजमती रस्त्याच्या कडेला, टेंपो वळून दिसेनासा झाला तरी, पर्स पोटाशी धरून उभी होती. मग तिनं बस धरली आणि शाळेत गेली. चौथ्या तासाला तिचा वर्ग होता.